मिलिंद, बॉल लागला होता

मिलिंद, तुझा सत्कार झाला. तुझ्याशिवाय झाला, म्हणून वेळेवर सुरू झाला.

गेल्या शनिवारी संध्याकाळी, कॉलेजच्या त्याच हॉलमध्ये, जिथे तू एकदा कॉफीच्या मशीनशी मराठीत भांडला होतास. तू असतास तर आपण मॉरिसव्हिलहून तासभर उशिरा निघालो असतो, वाटेत तू हायवेवरची एक एक्झिट चुकवली असतीस आणि मी बडबड करतो म्हणून ती चुकली असं म्हणाला असतास. या वेळी गाडी मी चालवली. मागे माझी सुलभा आणि तुझी बायको, आमच्या वैशालीवहिनी. चाळीस मिनिटं आधी पोचलो आणि पार्किंगमध्ये बसून राहिलो. वहिनी म्हणाल्या, हे असते तर आत्ता कुठे आंघोळीला गेले असते. आम्ही तिघंही हसलो. मग सुलभानं पर्समधून पेपर नॅपकिन काढले, एक वहिनींना दिला आणि एक मला.

तुला जाऊन उद्या महिना होईल. मी तुझ्यावर रागावलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. मरायचं तर मरावं माणसानं, पण दुसऱ्याला स्टेजवर उभं करून मरू नये.

उन्हाळ्यात कॉलेजचं पत्र आलं तेव्हा तू मला फोन केलास. जुन्या खेळाडूंचा आणि कोचचा, त्यांच्या सबंध कारकिर्दीबद्दल गौरव करायचा असतो तिथे. ज्याचा गौरव व्हायचा त्यानं आपली ओळख करून द्यायला एक माणूस निवडायचा, असा रिवाज. त्या माणसाला दोन मिनिटं मिळतात. तू हॅलोसुद्धा म्हणाला नाहीस. "मास्तर, ती दोन मिनिटं तुला दिली. तू बोलतो वाईट, पण खरं बोलतो असा तिथे समज आहे. त्या बॉलचंही सांगून टाक."

मी म्हणालो, त्या बॉलचं सांगण्यासारखं काही नाही.

"लागला होता बे," तू म्हणालास आणि फोन ठेवलास.

नऊ वर्षं तू हेच म्हणत होतास, आणि नऊ वर्षं मी नाही म्हणत होतो. आता तू काही म्हणू शकत नाहीस, तर निदान मला सगळं पहिल्यापासून नीट सांगू दे. मध्ये बोलायला तू नाहीस, ही सोय मला अजिबात आवडलेली नाही.

इथे अमेरिकेत खेळतात ते लॅक्रॉस म्हणजे काय, हे पुण्यातल्या माझ्या बहिणीला मी आजवर समजावू शकलो नाही. लांब काठी, तिच्या टोकाला जाळी. त्या जाळीत बॉल झेलायचा, घेऊन पळायचं आणि समोरच्यांच्या गोलमध्ये भिरकावायचा. बॉल दगडासारखा कडक. आणि त्या गोलच्या तोंडाशी, हेल्मेट घालून, माझी मुलगी. केतकीनं हायस्कुलात हा खेळ निवडला तेव्हा मी विचारलं होतं, बाई गं, बॅडमिंटन नाही का? ती म्हणाली, "बॅडमिंटन इज बोअरिंग, बाबा." संपला विषय.

तुझा या खेळाशी संबंध आला तो आमच्या सोफ्यावर. तिच्या स्टिकची जाळी उसवली होती आणि तू चहाला आला होतास. तू ती काठी हातात घेतलीस, उलटीसुलटी केलीस आणि म्हणालास, ही तर बाज आहे. तुझे मामा नागपुरात सुतळीच्या बाजा विणायचे. ते पाहून पाहून शिकलेलं तू इतकी वर्षं केमिस्ट म्हणून नोकरी करताना कुठे लपवून ठेवलं होतंस कोण जाणे. दोन तास तू त्या जाळीला गाठी मारत बसलास. चहा तीनदा गरम केला. दुसऱ्या दिवशी केतकी प्रॅक्टिसहून आली ती नाचतच. बॉल म्हणे जाळीत बसतो, उडत नाही. आठवड्यात टीममधल्या सात मुली आमच्या दारात काठ्या घेऊन उभ्या.

मग तू शिकवायलाही लागलास. केतकी बॉल अंगावर आला की डोळे मिटायची. नागपुरात कॉलेजच्या क्रिकेट टीमचा विकेटकीपर होतास म्हणून तुला वाटायचं की जगातले सगळे गोलकीपर तुझ्या भावकीतले. आमच्या बॅकयार्डमध्ये तिला उभं करून तू आधी मोज्यांचे गोळे फेकलेस, मग लिंबं, मग बटाटे. सुलभा खिडकीतून ओरडायची की ते बटाटे रात्रीच्या रस्स्याचे आहेत. तू म्हणायचास, वहिनी, रस्सा पातळ करा, पोरगी घट्ट होऊन राहिली आहे. महिनाभरात तिचे डोळे उघडे राहायला लागले. मी वरच्या खिडकीतून बघत होतो. मी खाली आलो नाही. तिला काही म्हणालोही नाही.

तिला कॉलेजच्या टीममध्ये घेतलं आणि मागोमाग तुलाही. त्या उंच हेड कोचबाईंनी पहिल्या भेटीत विचारलं, तुम्ही कुठे खेळलात? तू म्हणालास, नागपूर. त्यांनी अशा आदरानं मान हलवली की नागपुरात या खेळाची चार पिढ्यांची परंपरा असावी. तू त्यांचा गैरसमज दूर केला नाहीस. गोलकीपरांचा कोच, मानद, असं तुझं नाव छापून आलं. शनिवारी प्रोजेक्टरवर तुझा त्या वर्षीचा फोटो दाखवला. अंगात टीमचं जॅकेट, गळ्यात शिट्टी आणि हातात स्टीलचा डबा.

त्या डब्यात वहिनींच्या सांबारवड्या, कोथिंबीर ठासलेल्या आणि जाळ तिखट. तेव्हाच्या नियमानं शिट्टी झाली की मैदानावरच्या सगळ्या मुलींनी जागच्या जागी स्टॅच्यू व्हायचं. तू मैदानाबाहेर असूनही स्टॅच्यू व्हायचास, अर्धी वडी तोंडात आणि अर्धी हातात. एकदा अंपायरबाईंना वडी दिलीस आणि उरलेला हाफ त्यांनी पाण्याची बाटली घेऊनच काढला.

आणि मी? मला स्कोअरच्या टेबलावर बसवलंस ते तूच. कॉलेज छोटं, माणसं कमी. तू कोचबाईंना सांगितलंस, याचं अक्षर चांगलं आहे आणि हा पुण्याच्या जिमखान्यावर क्रिकेटचा स्कोअर लिहायचा. स्वतःच्या मुलीच्या मॅचचा हिशोब बापानं लिहू नये, हे मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या. मग मी ठरवलं की असं लिहायचं, कुणाला तोंड उघडायला जागा उरणार नाही. लांब वही, निळं पेन. पेनानं लिहिलेलं खोडायचं नाही. माझ्या शेजारी ऑफिसातल्या बाई कॉम्प्युटरवर बसायच्या, आणि मी म्हणेन ते टाइप करायच्या.

तुला मी एकदाच सांगितलं होतं, गाडीत, की माझे वडील मला सातवीत गणिताला होते. माझा पेपर ते तपासायचे आणि एक मार्क कमी द्यायचे. उत्तर बरोबर असलं तरी. लोक काय म्हणतील, मास्तरांनी पोराला मार्क दिले. त्या एका मार्कानं माझा पहिला नंबर गेला. घरी आल्यावर त्यांनी मला सायकलवरून फिरवून आणलं, पण मार्काबद्दल एक शब्द नाही. तू ऐकून घेतलंस, आणि त्या दिवसापासून मला मास्तर म्हणायला लागलास. मला वाटलं, चिडवतो आहेस.

आता तो बॉल. केतकीच्या शेवटच्या वर्षाची, शेवटची मॅच. चार वर्षांत तिनं किती गोल वाचवले ते फक्त दोघांना तोंडपाठ होतं, तुला आणि मला. अजून एक वाचवला असता तर कॉलेजचा जुना विक्रम तिनं गाठला असता आणि जिमबाहेरच्या बोर्डावर तिचं नाव पहिल्या ओळीत चढलं असतं. मॅच संपत आली होती. वारं सुटलं होतं. त्यांच्या एका मुलीनं उजवीकडून बॉल हाणला. केतकीनं स्टिक आडवी घातली. ठण्ण आवाज आला, बॉल गोलच्या खांबाला लागून बाहेर गेला.

नुसता खांबाला लागला तर तो गोलकीपरनं वाचवला असं धरत नाहीत. आधी स्टिकला लागून मग खांबाला लागला तर धरतात. आपली सगळी टीम हात वर करून ओरडत होती. टाइप करणाऱ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मला स्टिकच्या टोकाची जाळी हललेली दिसली होती, मिलिंद. हे मी तुला कधी सांगितलं नाही. किंचित हलली, पण हलली. आणि त्याच क्षणी माझ्या मनात आलं की सगळे म्हणतील, बापानं दिला.

मी म्हणालो, "पोस्ट." म्हणजे नुसता खांब. आणि पेनानं तसं लिहिलं.

परतताना गाडीत तू पाऊण तास बोलला नाहीस. तुझ्या बाबतीत असं फक्त भुलीच्या इंजेक्शननंतर झालं असेल. मग एकदम म्हणालास, "आपल्याच पोरीचा मार्क कापून राहिला बे तू." मी म्हणालो, खांबाला लागला. तू म्हणालास, स्टिकला. तिथून जे सुरू झालं ते नऊ वर्षं. दिवाळीच्या फराळाला, तुझ्या बायपासच्या आधी, माझ्या रिटायरमेंटच्या पार्टीत. केतकी फिजिकल थेरपिस्ट होऊन शिकागोजवळच्या शॉमबर्गला गेली, तेव्हा तिला भेटायला आपण सगळे गेलो. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या मिठाईच्या दुकानात तू गुलाबजामचा बॉल केलास, चमच्याची स्टिक आणि पाण्याचा ग्लास म्हणजे खांब. भर दुकानात मला दाखवलंस की बॉल कसा आला आणि कसा वळला. पाक माझ्या शर्टावर. केतकी समोरच बसली होती. तिनं मान खाली घातली आणि तिचे खांदे हलायला लागले. उठून ती वॉशरूमला गेली. मी मनात म्हटलं, बघ, पोरीला अजून लागतं ते. तिनं त्या बॉलबद्दल मला कधी काही विचारलं नव्हतं. दर रविवारी फोन यायचा, तब्येत, हवा, फाइन बाबा, बाय बाबा. मी धरून चाललो होतो की त्या एका शब्दासाठी ती माझ्यावर कायमची रुसली आहे.

हॉस्पिटलात शेवटचा भेटलो तेव्हा तू पाणी मागितलंस. मी दिलं. मग तू एक डोळा उघडलास आणि विचारलंस, "बोल मास्तर, लागला होता का नाही?" तुझ्या नाकात नळी होती. एवढं एक हो म्हणायला मला काय झालं होतं? मी म्हणालो, झोप आता, उद्या बोलू. पहाटे वहिनींचा फोन आला. तेव्हापासून मला धड झोप नाही आणि धड जेवण नाही. सुलभा म्हणते, तुम्ही भिंतीशी भांडता. बरोबर आहे, दुसरं कोण आहे?

तर शनिवार. जेवणात कोरडी कोंबडी होती, आणि शाकाहाऱ्यांना उकडलेल्या शेंगा आणि त्यावर एक पान. तुझ्या आधी एका म्हाताऱ्या कोचबाईंचा गौरव झाला. त्यांनी नवऱ्याचे आभार मानले नाहीत, कुत्र्याचे मानले. मग एक खेळाडू बोलायला उभी राहिली आणि आभारांतच रडली. केतकी शिकागोहून विमानानं आली होती. ती टीममधल्या मुलींबरोबर लांबच्या टेबलावर बसली होती, मला नुसता हात केला. मग तुझं नाव घेतलं. सगळा हॉल उभा राहिला, मिलिंद. तू वाईट दिसला असतास अशा वेळी, तुला नम्र चेहरा करता येत नाही.

माझ्या खिशात टाइप केलेला कागद होता. त्यात तुझं जन्मगाव, शिक्षण आणि सेवाभाव असं सगळं होतं. माइकसमोर गेलो आणि तो कागद मला वाचवेना. मी बटाट्यांचं सांगितलं, बाजेचं सांगितलं. नागपुरात कुणी लॅक्रॉस खेळत नाही हेही सांगितलं. तेव्हा हेड कोचबाईंनी तोंडावर हात घेतला, आणि लोक हसता हसता टेबलं बडवायला लागले. मग माझ्या लक्षात आलं की दोन मिनिटं संपत आली आणि मुख्य गोष्ट राहिली. मी म्हणालो की या माणसाशी माझं नऊ वर्षं भांडण होतं. शेवटच्या मॅचमध्ये एक बॉल माझ्या मुलीच्या स्टिकला लागला होता. मी तो पाहिला होता आणि खोटं लिहिलं, कारण ती माझी मुलगी होती. मी पाहिलेली ती सर्वांत चांगली गोलकीपर आहे. मी तशी एकच नीट पाहिली आहे, तरी. आणि मिलिंद बरोबर होता.

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. पण टाळ्या वाजल्या, इथे वाजवतातच. वहिनींनी पांढऱ्या साडीत येऊन तुझं मानचिन्ह घेतलं आणि त्यावरची धूळ पदरानं पुसली. धूळ नव्हती.

नंतर केतकी मला कोट ठेवायच्या खोलीत भेटली. मी तयारीत होतो. ती रडेल, मिठी मारेल, किंवा ओरडेल. ती म्हणाली, "बाबा, इट वॉज द पाइप."

मला समजेना. तिथे खांबाला पाइप म्हणतात, ते मला ठाऊक आहे, तरी समजेना. ती म्हणाली, स्टिक पोचलीच नव्हती. उशीर झाला होता, खूप उशीर. स्टिक तिच्या हातात होती, बॉल लागला असता तर तिला कळलं नसतं का? मी म्हणालो, जाळी हलली, मी स्वतः पाहिली. ती म्हणाली, वारं होतं, बाबा.

मी म्हणालो, मग मिलिंद?

तुला तिनं त्याच दिवशी, हेल्मेट काढता काढता सांगितलं होतं. तू तिला म्हणालास, चूप, बापाला सांगू नको. का, तर ती तुझंच वाक्य मराठीत बोलून दाखवायला लागली, तुझ्या नागपुरी हेलात, तिच्या अमेरिकन जिभेनं. "तुझा बाप भांडणात हरला तरच तुले चांगली म्हणेल, नाही तर नाही. थांब थोडी. मी हरवतो त्याले."

थोडी! नऊ वर्षं, मिलिंद! नऊ वर्षं तू मला तोंडावर खोटं सांगत होतास, गुलाबजाम घेऊन, नळी नाकात घेऊन. आणि ती डेव्हनच्या दुकानात रडत नव्हती, हसू आवरत नव्हतं म्हणून उठून गेली होती.

मग ती हसायची थांबली. माझ्या कोटाचं बटण लावत म्हणाली, "मला बॉल नको होता, बाबा. यू जस्ट नेव्हर सेड आय वॉज गुड."

मी तिथे, दोनशे ओव्हरकोटांच्या मध्ये उभा राहून, ते पुन्हा एकदा म्हटलं. या वेळी मराठीत, आणि माइकशिवाय. ती म्हणाली, ओके बाबा, ओके, इनफ. मी आणखी एकदा म्हटलं.

परतताना ती पुढे माझ्या शेजारी बसली आणि मॉरिसव्हिलपर्यंत आम्ही भांडत आलो. मी म्हणतो लागला, ती म्हणते नाही. मागून वहिनी म्हणाल्या, यांची जागा भरली म्हणायची. एक्झिट चुकली. कुणाच्या बडबडीनं ते मी सांगणार नाही.

तुझं मानचिन्ह वहिनींच्या हॉलमध्ये मी लावून दिलं. थोडं तिरकं लागलं आहे, राहू दे म्हणाल्या. मला तुझी फार आठवण येते. हे तुला जिवंतपणी सांगितलं असतं तर तू मला डॉक्टरकडे नेलं असतंस.

सोमवारी केतकी परत गेली. विमानतळावरून आल्यावर मी ती लांब वही काढली. शेवटच्या मॅचचं पान. निळ्या शाईत लिहिलेलं 'पोस्ट' अजून ठसठशीत आहे. आणि खरं आहे, मिलिंद. आता मला पक्कं ठाऊक आहे की ते खरं आहे. मी पेन घेतलं, त्या शब्दावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, केतकीनं वाचवला.